आईंच्या टेबलासाठी बिनपात्याचा पंखा : नोंदी

१ मार्च २०२५, शनिवार

आज दुपारी आईंच्या हनुवटीवरून घामाचा थेंब कागदावर पडला. झेरॉक्स असती तर काही वाटलं नसतं, पण कागद मूळ होता. एका घरातल्या विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा दस्त, हातकागदावर बोरूनं लिहिलेला. जुनी शाई काजळी आणि डिंकाची, आणि डिंक पाण्यात विरघळतो. आईंनी टिपकागद नुसता दाबला, घासला नाही, म्हणून एका अक्षरावर निभावलं. त्यानंतर तासभर त्या काही बोलल्या नाहीत. कागद बटर पेपरमध्ये घालून कपाटात ठेवून दिला.

म्हणून आजपासून हे काम हातात घेते आहे. कारखान्यात एखादा सुटा भाग घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवताना मी वही ठेवते, तशीच ही.

जागा : डोंबिवली, तिसरा मजला, खिडकी पश्चिमेला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. शाळेतून निवृत्त झाल्यावर मोडी शिकल्या आणि आता लोकांचे जुने दस्त वाचून देवनागरीत उतरवून देतात. रोज पाच-सहा तास त्या टेबलाशी असतात. छताचा पंखा तीनवर नेला की कागद उडतात, म्हणून त्या तो दोनवर ठेवतात आणि घामाघूम होतात. कागदांवर वरवंटा, दोन पितळी वाट्या आणि अडकित्ता अशी वजनं.

पंखा कसा हवा, हे मी त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, "वारा माझ्या मानेवर हवा गं, टेबलावर नको." पहिली अट हीच. दुसरी अट आमच्या लेकीची. ती चौदा महिन्यांची आहे आणि आजीच्या टेबलाखाली तिचा मुक्काम असतो. तिसरी, आईंच्या कानाच्या मशीनला त्रास नको. चौथी, त्यांचा उजवा खांदा आखडलेला आहे, तरी पुसणं-झाडणं त्यांना एकट्यांना जमलं पाहिजे.

ह्यांनी लगेच मोबाइलवर बिनपात्याच्या पंख्याचं चित्र दाखवलं. नुसतं कडं, मधे पोकळ. चित्र बघून मीही त्याच बाजूला झुकले आहे, पण अजून काहीच मोजलेलं नाही.

२ मार्च, रविवार

आधी घरात आहे ते तपासायचं. माळ्यावरून सासऱ्यांच्या वेळचा टेबल फॅन काढला. पाती ४०० मिलिमीटरची, पाठीवरच्या पट्टीवर ५५ वॅट. जाळीच्या चारही क्लिपा गंजलेल्या, पात्यांवर तेलकट धुळीचा थर. उघडून, साबणाच्या पाण्यानं धुऊन, सुकवून परत लावायला मला पाऊण तास लागला. आईंना एका हातानं या क्लिपा उघडणार नाहीत. चौथ्या अटीत तो इथेच नापास झाला.

वाऱ्याला मात्र नाव ठेवायला जागा नाही. एकवर ठेवूनही दीड मीटरवर कागदाची पट्टी आडवी होते. पण झोत रुंद आहे. मागून सोडला तर आईंच्या दोन्ही बाजूंनी निसटून टेबलावर पोचतो, आणि समोरून सोडायचा प्रश्नच नाही. वाट्या ठेवूनही कागदांची टोकं फडफडत राहिली.

लेक पंखा दिसताच सरळ त्याच्याकडेच रांगत गेली. फिरणारी वस्तू तिला ओढून घेते. पंखा बंद करून, प्लग काढून तिचं बोट जाळीला लावून बघितलं. पहिलं पेर सहज आत जातं. बाजारात पंख्यावर चढवायची कापडी जाळी मिळते, तिनं हे थांबेल, पण ती जाळी दर आठवड्याला काढून धुवावी लागेल. म्हणजे परत खांदा.

६ मार्च, गुरुवार

पाती नसताना वारा येतो कुठून, हे समजल्याशिवाय दुकानात जायचं नाही असं ठरवलं होतं. दोन रात्री वाचन केलं.

पाती असतात. ती बुडखात लपवलेली असतात. खालच्या नळकांड्याच्या भोकांमधून हवा आत ओढली जाते. आत एक छोटं पण फार जोरात फिरणारं पात्यांचं चाक असतं, आपल्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये किंवा मोटारीच्या टर्बोमध्ये असतं त्या जातीचं. ते हवा वरच्या पोकळ कड्यात दाबतं. कड्याच्या आतल्या काठाला मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट असते, आणि त्या फटीतून हवा पातळ पडद्यासारखी वेगानं बाहेर पडते. कड्याचा आतला पृष्ठभाग विमानाच्या पंखासारखा वळवलेला असतो. हवेचा पडदा त्याला चिकटून पुढे सरकतो, आणि पुढे जाताना मागची व आजूबाजूची हवा सोबत ओढून नेतो.

पृष्ठभागाला चिकटून वळण्याच्या या गुणाला रुमानियाचे अभियंते हेन्री कोआंडा यांच्या नावानं कोआंडा परिणाम म्हणतात. स्वयंपाकघरात तो दोन मिनिटांत दिसतो. नळाची बारीक धार सोडायची, चमचा दांड्याच्या टोकाला सैल धरायचा आणि त्याची फुगीर पाठ धारेला टेकवायची. धार चमचा बाहेर ढकलेल असं वाटतं, पण चमचा धारेत ओढला जातो. आईंना दाखवलं, त्यांनी तीनदा करून बघितलं.

या जातीचा पहिला पंखा २००९च्या ऑक्टोबरमध्ये डायसन कंपनीनं बाजारात आणला. पण कल्पनेचं पेटंट तोक्यो शिबाउरा इलेक्ट्रिक, म्हणजे आजची तोशिबा, हिनं १९८१मध्येच घेतलेलं होतं. त्या जुन्या पेटंटमुळे डायसनचा सुरुवातीचा अर्ज नाकारलाही गेला होता. जेम्स डायसन यांच्या लोकांनी पुढे फटीचा आणि वळणाचा आकार घासून-पुसून कामाचा केला. मला हे काम कल्पनेइतकंच मोठं वाटतं. मिलिमीटरभर फट कड्याभोवती सगळीकडे सारखी राखणं किती अवघड आहे, हे आमच्या तपासणीच्या टेबलावर रोज दिसतं.

आता त्या प्रसिद्ध दाव्याबद्दल. पहिल्या पंख्याच्या वेळी 'हवा १५ पट होते' असं सांगितलं गेलं. चाकानं ओढलेली हवा आणि वाटेत सामील झालेली हवा मिळून ते १५ पट. पण सामील होणारी हवा स्थिर असते, तिला चालवायला झोताचा वेग खर्ची पडतो. माणसं वाढत जातात तशी मिरवणूक सावकाश होते, तसंच हे. म्हणून १५ पट हवा म्हणजे तोंडावर १५ पट वारा असा अर्थ काढायचा नाही. आणखी एक गोष्ट : पुष्कळ हवा हळू ढकलण्यापेक्षा थोडी हवा जोरात ढकलायला तेवढ्याच वाऱ्यासाठी जास्त वीज लागते. म्हणजे दर वॅटमागे वारा मोजला तर मोठ्या पात्यांचा साधा पंखा पुढे राहणार. बिनपात्याचा घ्यायचा असेल तर दुसऱ्या कारणांसाठी घ्यायचा.

८ मार्च, शनिवार

सकाळच्या लोकलनं मुंबई, लोहार चाळ. पंख्यांची पुष्कळ दुकानं तिथे एका जागी आहेत.

'ब्लेडलेस' या एका शब्दाखाली तिथे तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, खरे कड्याचे पंखे. त्यांतले महाग हवा गाळणारे, गाळणी ठरावीक काळानं बदलावी लागणारे. दोन, उंच खांबासारखे टॉवर फॅन. त्यांच्या आत उभं लांब नळकांडं फिरतं, त्यालाही पातीच असतात, फक्त जाळीमागे दिसत नाहीत. आणि तीन, यूएसबीवर चालणारी लहान कडी, ज्यांच्या बुडात किंवा कड्याच्या मागच्या बाजूला साधाच छोटा पंखा बसवलेला असतो. दुकानदारांना यात काही लपवायचं नव्हतं, गिऱ्हाईक जे नाव घेऊन येतं तेच ते वापरतात. पण नाव एकच असल्यामुळे किमतींची तुलना मात्र पार निरर्थक होते.

एका वयस्कर दुकानदारानं मनापासून वेळ दिला. त्यांनी सांगितलेलं असं : "ताई, कडं पुसायला सोपं, हे खरं. पण धूळ कड्यावर कमी आणि चाकावर जास्त बसते. बूड उघडतं का ते आधी बघा. स्क्रू नसतील, नुसतं चिकटवलेलं असेल, तर दोन वर्षांनी वारा अर्धा होईल आणि तुम्हाला कारण दिसणारही नाही." हे कोणत्याच माहितीपत्रकात नाही. वहीत लाल शाईनं लिहिलं.

अॅडॅप्टरही बघायला त्यांनीच सांगितलं. त्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा, आणि पिन नेहमीची हवी. पंख्याआधी अॅडॅप्टर जातो, आणि पिन जगावेगळी असेल तर चांगला पंखा नुसता पडून राहतो.

१२ मार्च, बुधवार

ह्यांनी ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला आला. तीन दिवसांत परत पाठवते आहे, तरी बघितलेलं लिहून ठेवते.

फटीत विजेरी मारून बघितलं. फट चांगली पाच मिलिमीटर, म्हणजे पातळ पडदा तयारच होत नाही. बुडात तळहाताएवढा साधा पंखा, संगणकात असतो तसा. उदबत्तीचा धूर कड्याच्या मागे धरला तर तो सरळ वर गेला, कड्यातून ओढला गेला नाही. बाहेरचं रूप कड्याचं आणि काम साध्या छोट्या पंख्याचं.

पण परत पाठवायचं कारण हे नाही. लेकीनं वायर धरली आणि ओढली. पंखा हलका आणि बूड अरुंद असल्यामुळे तो टेबलाच्या काठावरून सरळ खाली आला. मी शेजारीच होते, हातात झेलला. त्या क्षणी लक्षात आलं की मी इतके दिवस बोटांचाच विचार करत होते. रांगणाऱ्या मुलाला लोंबकळणाऱ्या वायरीचा धोका पात्यांपेक्षा मोठा आहे. मग पाती दिसोत की लपलेली असोत.

नवी अट, पाचवी : वायर मुलाच्या हाताला लागणार नाही अशी जागा आधी ठरवायची, मग पंखा. आणि बूड जड हवं.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड. आज एका सहकाऱ्याकडून त्यांचा महागातला कड्याचा पंखा काही दिवसांसाठी आणला. कारखान्यातलं वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र परवानगीनं घरी आणलं. टेबल फॅनही शेजारी मांडला. खोली बंद, छताचा पंखा बंद, अंतर एक मीटर, उंची आईंच्या मानेची. प्रत्येक मोजणी तीनदा घेऊन मधला आकडा.

टेबल फॅन : एकवर सेकंदाला २.१ मीटर, तीनवर ३.६.
कड्याचा : दहापैकी चारवर १.१, दहावर २.३.

म्हणजे महाग पंख्याचा कमाल वारा आणि आमच्या जुन्या पंख्याचा किमान वारा जवळजवळ सारखा. मोठी खोली गार वाटावी म्हणून कुणी हा पंखा घेत असेल तर त्यानं हा आकडा आधी बघावा.

आता आपल्याला हवा आहे तो आकडा. आईंना खुर्चीत बसवून, घड्याळ लावून, वारा हळूहळू वाढवत नेला. छताचा पंखा एकवर. सेकंदाला एक मीटरच्या आसपास त्या म्हणाल्या, "बास, एवढाच." त्याच्या वर गेल्यावर डोळे कोरडे पडतात म्हणाल्या. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिथेच थांबल्या. त्यांना दोन मीटरचा वारा नकोच आहे. आमचा जुना पंखा त्यांना लागतो तेवढ्या हळू चालूच शकत नाही, त्याचं एकही त्यांच्या दुप्पट आहे. इतक्या दिवसांत निर्णयाकडे नेणारी ही पहिली गोष्ट हाती लागली.

इथे दमटपणाचा मुद्दाही आहे. पंखा हवा गार करत नाही, उलट मोटरीची उष्णता खोलीतच सोडतो. तो फक्त अंगाजवळची घामानं भिजलेली हवा बाजूला सारतो, तिच्या जागी थोडी कोरडी येते आणि घाम उडतो. आमच्याकडे बाहेरचीच हवा ओली, त्यामुळे घाम सावकाश उडतो. पण मानेवर सतत, न तुटणारी हलकी झुळूक असेल तर थेंब जमून ओघळेपर्यंत वेळच येत नाही. आम्हाला तो थेंबच थांबवायचा आहे.

उदबत्ती या पंख्याला लावली. कड्याच्या मागे धरल्यावर धूर आडवा होऊन कड्यातून सुतासारखा ओढला गेला आणि पुढे बराच वेळ एकत्र राहिला. टेबल फॅनसमोर तोच धूर लगेच फाटतो. देवघरातून आईंनी आणखी एक काडी आणून दिली आणि बराच वेळ बघत बसल्या.

१६ मार्च, रविवार

पंखा टेबलावर, डाव्या कोपऱ्यात ठेवून आईंनी सकाळी दोन तास काम केलं. झोत मानेकडे. कागद हलले नाहीत. मी खूश होते.

अकराच्या सुमाराला त्यांनी अक्षरं गिरवून घ्यायला ट्रेसिंग पेपर काढला, आणि तो सरकत जाऊन बुडाच्या भोकांना चिकटला. हवा आत ओढली जाते तीही एक झोतच आहे, फक्त उलट्या दिशेचा, हे माझ्या डोक्यात होतं पण टेबलावर उतरलं नव्हतं. बटर पेपरात ठेवलेला मूळ कागद असा ओढला गेला असता तर कडा नक्की दुमडली असती. ठरलं : कड्याचा पंखा कागदांच्या टेबलावर ठेवायचाच नाही.

मग जागा शोधली. आईंच्या डाव्या खांद्यामागे पुस्तकांची मांडणी आहे. तिचा मधला फळा बसल्यावर खांद्याच्या उंचीला येतो, अंतर ऐंशी सेंटिमीटर. तिथे पंखा ठेवून कडं थोडं वर उचललं. झोत मानेला लागून पुढे जातो आणि टेबलाच्या वरून खिडकीकडे निघून जातो. टेबलाच्या पृष्ठभागावर यंत्र ठेवलं, आकडा ०.२च्या वर गेला नाही. प्लग मांडणीच्या मागेच आहे, म्हणजे वायर लेकीला दिसतही नाही. टेबल फॅन या फळ्यावर मावत नाही, आणि मावला तरी त्याचा रुंद झोत खाली उतरतो. कड्याच्या बारीक झोताचं मोल मला इथे कळलं.

यावरून आकारही ठरला : गोल, पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास. लांबुळक्या उभ्या कड्याचा वारा वरपासून खालपर्यंत पसरतो, त्याचा खालचा भाग कागदांवर येईल.

१९ मार्च, बुधवार

आवाज. या नोंदीसाठी तीन संध्याकाळी लागल्या.

मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या अॅपचे आकडे खात्रीचे नसतात, पण एकाच फोननं, एकाच जागी केलेली तुलना उपयोगी पडते. त्यात टेबल फॅन एकवरसुद्धा कड्याच्या पंख्याच्या सहापेक्षा मोठा निघाला. मला तर कड्याचा आवाज सहावर सौम्यच वाटला. आई मात्र सहावर नेला की कपाळाला आठ्या घालतात. "शिट्टी वाजते गं सारखी." मशीन काढून ठेवलं तर काहीच ऐकू येत नाही म्हणाल्या. मशीन घातलं की शिट्टी.

कारण शोधायला गणित मांडलं. टेबल फॅनची तीन पाती मिनिटाला साधारण १३०० फेरे घेतात. म्हणजे एका ठिकाणाहून सेकंदाला ६५ वेळा पातं जातं. हा खर्ज आहे, ढोलाच्या बाजूचा. बुडातल्या चाकाला, समजा, नऊ पाती आहेत आणि ते मिनिटाला ६००० फेरे घेतं, तर सेकंदाला ९०० वेळा. हा गाण्यातला वरचा सूर झाला, शिवाय फटीतून निघणाऱ्या हवेची सुसू त्याच्याही वर. वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या सुरांचं, आणि कानाचं मशीन नेमके तेच सूर मोठे करून देतं. म्हणजे ज्याच्या आवाजाचा एकूण आकडा लहान, तोच पंखा आईंना जास्त टोचू शकतो. डब्यावर छापलेले डेसिबल हे तुमच्या-माझ्या कानांसाठी असतात. घरात मशीन घालणारं कुणी असेल तर आकड्यावर जाऊ नये. माणसाला मशीनसकट दुकानात नेऊन पंखा चालवून बघावा.

चारपर्यंत शिट्टी अजिबात नाही असं त्यांनी तीनही दिवस सांगितलं. आणि त्यांना हवा असलेला वारा चारवरच मिळतो. हा केवळ योग आहे. वारा थोडा जास्त लागत असता तर मी हा सगळा विचार इथेच सोडला असता.

डायसननं २०१४च्या नव्या पंख्यात बुडात एक पोकळी ठेवून ठरावीक सूर शोषून घेण्याची सोय केली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जो आवाज घुमतो, त्यामागचाच गुण उलटा वापरून. स्वस्त पंख्यांत ती नसते, शिट्टीतला फरक तिथेही पडतो.

२३ मार्च, रविवार

पैसे आणि बारीकसारीक.

वीज : टेबल फॅन ५५ वॅट, कड्याचा पूर्ण जोरात २५च्या आसपास. फरक ३० वॅट. रोज सहा तासांचे ०.१८ युनिट, महिन्याचे साडेपाच. युनिटला दहा रुपये धरले तरी महिन्याला पंचावन्न रुपये. वर्षातले आठ महिने पंखा लागतो, म्हणजे साडेचारशेच्या आत. साध्या पंख्यापेक्षा सहा हजार जास्त दिले तर ते विजेतून भरून यायला चौदा वर्षं. वीज वाचते म्हणून कड्याचा पंखा घ्या, हे कुणी सांगितलं तर ऐकू नये. कमी विजेचाच हवा असेल तर बीएलडीसी मोटरचा (ब्रश नसलेली, कमी वीज खाणारी मोटर) पात्यांचा पंखा तेवढ्याच विजेत याच्यापेक्षा जास्त वारा देतो.

हवा गाळणारा महाग प्रकार आम्ही वगळला. गाळणी बदलण्याचा खर्च कायमचा मागे लागतो, आणि आमची खिडकी दिवसभर उघडी असते.

रिमोट. हे सगळ्या आयाबापांनी वाचावं म्हणून सविस्तर लिहिते. या पंख्यांचे रिमोट चपटे असतात आणि पुष्कळांत बटणासारखा गोल सेल असतो. तो मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. जिवावर बेततं. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारं हवं. नखानं सरकणाऱ्या झाकणाचा रिमोट असेल तर तो घरात ठेवायचाच नाही. म्हणून पंख्याच्या अंगावरही बटणं हवीत. लोहार चाळीत बघितलेल्या एका पंख्याला रिमोटशिवाय वेग बदलताच येत नव्हता. तो यादीतून काढला.

लाइट गेल्यावर काय? रेग्युलेटरचा पंखा वीज परत आली की आपोआप फिरतो. बटणांचे पंखे बहुतेक बंदच राहतात, उठून लावावे लागतात. आईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "लाइट आली की मी तशीही चहाला उठते."

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारून, दुपारी आईंना घेऊन लोहार चाळीऐवजी गावातल्याच मोठ्या दुकानात गेलो. गर्दी होती, पण मला हवं ते सगळं करू दिलं.

घेतला तो मधल्या किमतीचा. गोल कडं, पंचवीस सेंटिमीटर, वेगाच्या आठ पायऱ्या. बुडाला चार स्क्रू. दुकानदाराच्या परवानगीनं एकदा उघडून बघितलं, चाक दिसतं आणि ब्रश पोचतो. बूड जड, वायर ओढून बघितली, सरकला पण पडला नाही. फट सगळीकडे सारखी आहे का हे जाडी मोजायच्या पातळ पट्ट्या फिरवून बघितलं. एका जागी किंचित रुंद, पण चालण्यासारखी. अॅडॅप्टरवर नोंदणी क्रमांक आहे, पिन साधी. रिमोटच्या झाकणाला स्क्रू. अंगावर चार बटणं.

आईंनी मशीन घालून पंख्यासमोर दहा मिनिटं बसून ऐकला. पाचपर्यंत शिट्टी नाही. सहाला आहे. त्यांनी स्वतः तीनवर ठेवला आणि डोळे मिटून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "हाच घेऊ या." महागातल्यापेक्षा तो कमाल जोरात जास्त आवाज करतो आणि त्याची रंगछटा मला आवडली नव्हती. पण आम्ही त्याला सहावर कधी नेणारच नाही, आणि रंग आईंच्या पाठीमागे राहणार आहे.

६ एप्रिल, रविवार

आठवडा झाला. मांडणीच्या फळ्यावर, झोत वर उचलून, तीनवर. मानेवर सेकंदाला १ मीटर, टेबलावर ०.२. वीज मोजली, तीनवर ९ वॅट. पूर्ण जोरात २८.

एक चूक दुरुस्त केली. पंख्याची पाठ पुस्तकांना टेकली होती. मागची हवा ओढली जाते म्हटल्यावर मागे मोकळी जागा हवीच. पुस्तकं काढून वीतभर अंतर ठेवलं, तर त्याच तीनवर मानेचा आकडा ०.८वरून १वर आला. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या पंख्याला लोक 'वारा कमी' म्हणतात, त्यातल्या काहींचं कारण हेच असणार.

लेक पंख्याकडे बघतही नाही. फिरणारं काही दिसतच नाही, त्यामुळे तिच्या लेखी ती वस्तू नाहीच. पाती न दिसण्याचा हा फायदा माझ्या यादीत नव्हता.

आई रोज सकाळी ओल्या फडक्यानं कडं पुसतात. डाव्या हातानं, बसल्या बसल्या. अर्धं मिनिट.

१९ एप्रिल, शनिवार

बाहेर नको इतकं तापलं आहे, आणि दमट. आज दुपारी तीनच्या सुमाराला आईंनी कपाटातून विहिरीचा दस्त पुन्हा काढला. एकोणपन्नास दिवसांनी. मी मुद्दाम खोलीत थांबले नाही, दारातून बघत होते. कपाळ कोरडं, मान कोरडी. वरच्या ओठावर थोडा घाम आला तो त्यांनी पदरानं टिपला. चारपर्यंत अकरा ओळी झाल्या. त्या दिवशी पुसट झालेलं अक्षर त्यांनी मागच्या-पुढच्या शब्दांवरून लावलं.

मग हाक मारून म्हणाल्या, "त्या वाट्या ने आता ओट्यावर. वरवंटा राहू दे."

बुडाखाली तारखेची चिठ्ठी चिकटवली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, चार स्क्रू काढून चाकावरची धूळ बघायची आणि तीनवरचा आकडा पुन्हा मोजायचा. १च्या खाली गेला असेल तर लोहार चाळीतले ते दुकानदार बरोबर होते.